नव्या सेटवर बाबाराव टिकत नाही

रामदासपेठ, मंगळवार, १८ जानेवारी १९८३

गावोगावच्या दोस्तांशी बोलायचा नवा बिनतारी सेट चांगलाच आहे. तसं न म्हणणं म्हणजे मुलावर अन्याय, दुबईहून हौसेनं आणलाय त्यानं. बटण दाबलं की सुरू, खरखर नाही. माझा जुना व्हॉल्व्हचा सेट तापेपर्यंत चहा पिऊन होतो.

पण उमरेडच्या बाबारावचा आवाज नव्यावर टिकत नाही. त्याचा घरी जुळवलेला सेट तापला की त्याची लहर जागेवरून सरकते. जुन्यावर मी बोलता बोलता लहर जुळवायची चकती हळूहळू फिरवत त्याच्या मागे जातो. नव्यावर चॅनल ठरलेले, मधे काही नाही. दोन वाक्यं होतात आणि बाबाराव गेला. कंबर मोडल्यापासून खाटेवर आहे. दुसरा सेट घेणं त्याला जमणार नाही, आणि बोलायला माझ्याशिवाय आहे कोण?

जुन्यातला एक व्हॉल्व्ह मंद झालाय. आज सीताबर्डीत दुकानदार म्हणाला, "काका, हे व्हॉल्व्ह आता येऊनच नाही राहिले." किती दिवस चालेल?

संध्याकाळी जुन्यावरच बोललो, हात चकतीवर. बाबारावनं विचारलं, "नवा सेट कसा आहे गा? मी आयकू येतो का त्याच्यावर?"

"एकदम साफ," मी म्हणालो. काय गरज होती?

तो केवढा खूश झाला. "मंग जुना काढून टाक गा. उद्यापासून नव्यावरच बोलू."

बरं म्हणालो. हात चकतीवरच होता.