तारांचा मोजा

३ फेब्रुवारी
पिशोरहून आले, करमाडला उतरले. गाडी सुटताना आई रडली, मी नाय रडले. शाळा सोडल्यावर हे पहिलंच काम, अन् सोपं हाय! जमिनीतल्या पाइपातून केबल ओढायची, तर तिच्या तोंडावर तारांच्या जाळीचा मोजा चढवतात. ओढला का आवळतो, मागं ढकलला का सैल. मी मोजे तपासायचे, केबलच्या जाडीचा बघून द्यायचा, तार तुटलेला भंगारात टाकायचा. ऱ्हायला शेड, एकटीला खाट. मागं पाइपाचं तोंड, पाइपातून दोरी टाकून मोजा ओढायचं मशीन रस्त्यापलीकडं.

६ फेब्रुवारी
मुकादम कडुबामामा म्हणले, हात घालून बघ पोरी, तार टोचली का मोजा बाद. इथं सगळे असंच बघतात. गडी हसले, म्हणले बघा रे, मोजा तरी हिला बोलतं करतो का. मी मान खाली घालून पुढचा मोजा घेतला. ते लिंबाखाली जेवले, मी दारात.

१० फेब्रुवारी
तारा तुटलेला एक मोजा काल भंगारात टाकला. सकाळी परत शेडातल्या खिळ्याला. मामा म्हणले, मी नाय आणला. रिकामा मोजा लोंबतो. ह्यो फुगलेला होता. आत हात असल्यावानी.

१२ फेब्रुवारी
चहावाल्या भामाबाईनं सांगितलं. माझ्याआधी करुणा होती. पाइपाच्या तोंडाशी बसून ह्याच मोज्यात हात घालून बघत होती. पलीकडच्याला वाटलं केबल बसली, त्यानं मशीन चालू केलं. हातासकट ओढली गेली, वाचली नाय. भामाबाई म्हणली, लई गप पोरगी. बाजूला व्हय म्हणून तिला कुणी हाकच मारली नाय.
मलाबी कुणी मारत नाय.

१४ फेब्रुवारी
पुन्हा टाकला. पुन्हा खिळ्याला. हात लावला तर ऊन — माणसावानी.

१५ फेब्रुवारी
आत हात घातला. तपासायला नाय. खरं सांगते, नाय. कुणीतरी बोटं धरली. हळूच. किती दिवसांनी कुणी —

१६ फेब्रुवारी, रविवार
कामावर कुणी नाय. मोजा सुटत नाय. डाव्या हातानं लिवते. मोज्याला दोरी हाय, मी नाय बांधली — पाइपात गेलीय. ताणतीय. मशीन तर बंद —
हाका मारल्या. रस्त्यावरून गाड्या जातात, थांबत नाय कुणी.
मागं ओढते तर आवळतो. रगत —
पुढं सरकले का सैल होतो. पाइपाच्या तोंडाशी आले.
आत माझं नाव घेतंय कुणीतरी. तनुजा म्हणून. इथं आल्यापासून पहिल्यांदाच —
मी व्हय म्हणले.
अजून थोडं पुढं, मग हात