जेवणाआधीची सुई

१२ जुलै

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार. मी बरी आहे. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला असेल.

रविवारी टेम्पो घेऊन येतोस म्हणे, मला सामानासकट न्यायला. टेम्पो सांगू नकोस. मी नोकरी सोडत नाही.

फोनवर 'कारखान्यात चक्कर आली' म्हटलं, ते खोटं होतं. एकला जेवायची सुट्टी, म्हणून पावणेएकला मी नेहमीसारखी लपून संडासात इन्सुलिन टोचून आले. तेवढ्यात सुपरवायझरनी सुट्टी तासभर पुढे ढकलली. बाकीच्या कुरकुरून कामाला लागल्या. मीही लागले, गप्प. समोर कापडाचे चाळीस थर आणि हातात विजेची कात्री.

तुला जेवायला उशीर झाला तर तू फक्त चिडतोस. कारण तुझ्या अंगात इन्सुलिन रक्तातली साखर उतरवतं आणि फार उतरली की ग्लुकॅगॉन नावाचं दुसरं संप्रेरक यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढतं. माझं इन्सुलिन अकराव्या वर्षीच बंद पडलं. सुईनं घेतलेलं एकदा आत गेलं की परत बोलावता येत नाही, पोटात अन्न नसलं तरी ते साखर उतरवतच राहतं. आणि ते ग्लुकॅगॉनही इतक्या वर्षांत आळशी झालंय.

घाम फुटला, हात थरथरले, कात्री रेघ सोडून गेली. "पिऊन आलीस का गं?" सुपरवायझर म्हणाले. माझी जीभ उचलेना. काजं-बटणाच्या मावशींचा नवरा इन्सुलिनवरच आहे. त्यांनी ओळखलं आणि मूठभर साखर माझ्या तोंडात कोंबली. चाळीस बाह्या वाया गेल्या. बोटं वाचली.

भानावर आल्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "आठ वर्षं बोलली का नाहीस?" सुपरवायझरनी विचारलं. 'दादा नको म्हणाला होता' हे ओठांवर आलं, गिळलं.

लहानपणी आई मला टोचायची तेव्हा तू दार ओढून बाहेर पहारा द्यायचास, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. मायेनंच देत होतास. पण त्या दिवशी मी कोसळले ती त्या दारामुळे.

आता सुई टेबलाच्या खणात असते. डबा उघडल्याशिवाय टोचत नाही, आणि सुट्टी लांबली तरी मी माझ्या वेळेला जेवते. सुपरवायझरनी मान्य केलंय, तोंड वाकडं करून का होईना.

रविवारी ये, जेवायला. ताट वाढलं की मी टोचून घेईन. तू समोर बसायचं आणि तोंड फिरवायचं नाही.

दार सताड उघडं ठेवणारी,
तुझी धाकटी