टोंगाच्या राजाची उरलेली गोष्ट

अप्पा, टोंगाच्या राजाची गोष्ट तुम्ही आम्हाला कायम अर्धीच सांगितलीत, हे मला या आठवड्यात कळलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. यंदा चर्चमधल्या कापणीच्या सणाला मुलांना गोष्ट सांगायचं काम पाळकसाहेबांनी माझ्याकडे दिलंय. म्हटलं, अप्पांचीच सांगू. तुमची पद्धत मला पाठ आहे. देवळात ज्वारीची कणसं, भोपळे, अंड्यांच्या टोपल्या, पाय बांधलेल्या कोंबड्या मांडलेल्या. उपासना संपते, आणि लिलाव सुरू व्हायच्या आधी तुम्ही पुढे येऊन खिशातून शेतातली मूठभर माती काढता नि हात वर करता. "समुद्रातलं चिमुकलं बेट. तिथल्या राजानं अशी माती उचलली आन् म्हणाला, देवा, हे बेट तुझं. म्हणून आजूबाजूची बेटं गोऱ्यांनी गिळली, पण टोंगाचा राजा गादीवर राहिला." तेव्हा कोंबड्यासुद्धा गप्प बसायच्या, असं मला लहानपणी वाटायचं.

मुलं हल्ली फार प्रश्न विचारतात, म्हणून जरा वाचून ठेवावं म्हटलं, तर पुढची गोष्ट निघाली. राजा मोठा होता यात वाद नाही. सरदारांच्या जाचातून त्यानं रयत सोडवली, परक्याला जमीन विकायची नाही असा कायदा केला. पण जुने देव न सोडणाऱ्यांशी लढायाही केल्या. आणि म्हातारपणी बाहेरच्या मिशनशी बिनसलं तेव्हा त्यानं स्वतःचं वेगळं चर्च, वेगळी मंडळी काढली. जे जुन्या मंडळीत राहिले त्यांना मार बसला, काहींना बेट सोडून फिजीला जावं लागलं. त्यांत म्हणे राजाची स्वतःची मुलगी होती. पुढे त्याच घराण्यातल्या एका राणीनं दोन्ही मंडळ्या एक करायला घेतल्या, तर काहीजण अडून बसले नि दोन मंडळ्या त्या दोनच राहिल्या. मला हसूच आलं. अगदी आपल्या गावासारखं.

कारण तुम्हीही तेच केलंत ना? जुन्या देवळाच्या पंचांशी वाजलं आणि तुम्ही नवी मंडळी उभी केलीत. तुम्ही गावच्या शाळेचे मास्तर; मास्तर म्हणतील ती पूर्व दिशा, अर्धी गल्ली तुमच्यामागे आली. त्या वर्षी आईनं सणाची कोंबडी मुकाट्यानं जुन्या देवळात पाठवली आणि लिलावात तिची बोली लागल्याचं तुमच्या कानावर आलं. अजून दिसतं मला. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही ताटावर बसलेले. "एका घरातून दोन देवळांत वाटा जायच्या नाहीत." आई मान वर न करता म्हणते, "देव एकच हाय न्हवं? मंग कोंबडी कुटं का जाईना." तुम्ही ताट सरकवून उठता. त्यानंतर ती जन्मभर तुमच्या मागून नव्या देवळात आली, आणि जुन्या देवळाची घंटा वाजली की हातातलं काम थांबवायची. तुम्ही कुणावर हात उगारला नाहीत, कुणाला गावाबाहेर काढलं नाहीत. उलट मुलीला नगरला शिकायला ठेवू नका म्हणून भाऊबंद ओरडत होते, तेव्हा माझी ट्रंक तुम्हीच डोक्यावर घेऊन एसटीत चढलात. मग तुमच्यावर रागावू तरी कशी? गोष्टीचा पुढचा भाग तुम्हाला ठाऊक नव्हता, की ठाऊक असून गिळलात?

हे आता विचारायचं कारण आई. ती भिंगारला माझ्याकडे अंथरुणाला खिळली आहे. नव्या कबरस्थानात तुमच्या शेजारची जागा दादानं तिच्यासाठी राखून कठडासुद्धा बांधलाय, आणि ती म्हणते, "मला जुन्या देवळाच्या कबरस्थानात ठिवा, माज्या आईपाशी." दादा भडकला, "अप्पांचं नाक कापायचंय का?" शेवटी सगळं माझ्यावर आलं. मी तिला विचारलं, अप्पांवर राग आहे का तुझा? "राग कशाचा? लई चांगला मानूस. पर एकडाव माज्या मनानं जाऊ दे." मग म्हणाली, "त्यांच्या कबरीवरची मूठभर माती तेवडी आन, माज्या अंगावर टाकायला."

मी तिला हो म्हणाले, अप्पा. बरोबर केलं की चूक, अजून समजत नाही. तुम्हाला एकटं पाडतेय की तिला सोडवतेय? सणाला मुलांना गोष्ट कुठवर सांगू, तेही ठरत नाही.

इथवर लिहिलेलं हे पत्र तुमच्या कबरीपाशी वाचून दाखवायचं म्हणून काल गावी आले होते. वाचायला धीर झाला नाही. माती तेवढी उचलली, तुम्हाला न विचारता, आणि ती बिस्किटाच्या डब्यात घालून एसटीत मांडीवर धरून आणली.