बेटावरचं वडाप

अण्णा, मी वडापनं गेले होते. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे तुमचं कपाळावर हात मारून होईल आणि पुढचं नीट ऐकाल.

तुम्हाला आठवत असेल, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एसटी चुकली म्हणून मी साताऱ्याहून वडापच्या जीपमधून घरी आले होते. चौदा माणसं आणि पंधरावी मी. तुम्ही फाट्यावर उभे होतात. दमलीस का, जेवलीस का, काही विचारलं नाहीत. चार लोकांत म्हणालात, "आज वडापनं आलीस, उद्या ट्रकनं येशील." तेव्हापासून लग्नापर्यंत दर खेपेला तुम्ही माझ्याआधी स्टँडवर पोचायचात, खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरायचात आणि कंडक्टरला सांगायचात, "पोरीकडं लक्ष असू द्या." एकवीस वर्षांची घोडी मी, आणि कंडक्टर माझ्याकडं लक्ष देणार! मला लाज वाटायची, राग यायचा. अजून येतो. तुम्ही गेलात म्हणून तो कमी करावा असं मला वाटत नाही.

लग्न करून अमेरिकेत पार्सिपनीला आले, तर तिथंही तेच. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, आणि कोथिंबीर आणायलासुद्धा गाडी लागणारं गाव. नवरा माणूस चांगला, पण "शनिवारी जाऊ" हे त्याचं पालुपद. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात आम्ही पोर्टो रिकोला गेलो. आमच्या पासपोर्टावरच्या व्हिसाच्या शिक्क्यांची मुदत संपली होती, अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत येण्यासाठी कॉन्सुलेटचे उंबरे झिजवावे लागले असते. या बेटावर अमेरिकेचंच राज्य, म्हणून ते निवडलं. पोचलो आणि त्याच्या ऑफिसची कुठलीशी सिस्टीम बंद पडली. दोन दिवस मी हॉटेलच्या खोलीत बसून त्याचे कॉल ऐकले. तिसऱ्या सकाळी म्हणाला, "आज इश्यू क्लोज होईल यार, मग कार रेंट करू. तू एकटी कुठं जाणार?" हे वाक्य तर तुमचंच, अण्णा. मी चपला घातल्या आणि निघाले.

तिथं वडाप आहे. पुब्लिको म्हणतात त्याला. जुनाट व्हॅन, भरली की सुटते, वेळापत्रकाची थेरं नाहीत. मला वाटलं, हे तर आपल्या घरचंच. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः खिडकीतून सीटवर रुमाल टाकला, अगदी झोकात, आणि कॉफी प्यायला गेले. परत आले तर ड्रायव्हर तो रुमाल वर धरून एकेकाला विचारत होता, कुणाचा पडला, कुणाचा पडला. माझ्या जागेवर एक आजीबाई मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या. मी सांगितलं, रुमाल माझा, म्हणून जागा माझी. ड्रायव्हरला थोडं इंग्रजी येत होतं. त्यानं ते सगळ्यांना स्पॅनिशमध्ये समजावलं आणि अख्खी गाडी हसत सुटली. "बाई, इथं जो बसतो त्याची जागा," तो मला म्हणाला. आजीबाई काही उठल्या नाहीत, जराशा सरकल्या, आणि मी टेकले.

त्या व्हॅननं किनाऱ्यावरच्या गावापर्यंत गेले. तिथून दोन डॉलरात बोट, धाकट्या बेटावर, व्हिएकेसला. धक्क्यावर दुसरी पुब्लिको उभी होती. तिच्यात आधी बसले, मग इकडंतिकडं पाहिलं. दुपारी समुद्रात पाय बुडवून गाड्यावरची तळलेली केळी खाल्ली. कुणी माझ्याकडं लक्ष ठेवलं नाही, आणि माझं काहीही बिघडलं नाही.

त्याच भरात बूथवरून तुम्हाला फोन लावला. तुमच्याकडं रात्र, जेवण नुकतंच झालं होतं. समुद्रावर आलेय एवढं सांगून झालं, पुढचं सांगणारच होते, एकटी आलेय, वडापनं आलेय, ऐका आता. तुम्ही विचारलंत, "जावई कुठायत?" आणि मी म्हणाले, "तिकिटं काढायला गेलेत." "मग हरकत नाही," तुम्ही म्हणालात, "पाण्यात फार आत जाऊ नका." चार महिन्यांनी तुम्ही गेलात.

पुढं मी गाडी शिकले, नोकरी केली, एकटीनं कुठंकुठं फिरले. आणि इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की ते खोटं तुमच्या धाकानं बोलले. पण तुम्ही सातासमुद्रापार होतात, फोन ठेवणं माझ्या हातात होतं. खरं सांगू? तुमचा आवाज ऐकला आणि त्या दिवसात पहिल्यांदा मला भीती वाटली. परतीची बोट किती वाजता सुटते हेही मी विचारलं नव्हतं. क्षणभर वाटलं, खरंच कुणीतरी तिकिटं काढायला गेलेलं असतं तर बरं झालं असतं. मग मीच जाऊन विचारलं, रांगेत उभी राहिले आणि परत आले.

हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकलं तर आईच्या हातात पडेल. त्या दिवशी जावई सोबत होते असं तिला अजून वाटतं. तिलाही मी खरं सांगितलेलं नाही.