नको इतका उजळ दिवा

४ ऑक्टोबर

माफ कर, फार उशिरा लिहितोय. उन्हाळाभर ही वही उघडली नाही. मुलगा घरी असला की मला लिहायला सुचत नाही. तो गेला की सुचतं. वाज्दी आज जहाजावर कामाला गेला.

सकाळी बंदरावर सोडून आलो. जहाज म्हणजे नुसता गंज, वरून रंग. मी विचारलं, "हे तरंगतं कसं?" म्हणाला, "सवयीने, बाबा." आणि हसला. मला असल्या गोष्टींचं हसू येत नाही. रुमानियाहून लाकूड भरणार, मग पुढे कुठे ते मालक सांगेल. समुद्रात फोन लागत नाही.

निघताना त्याचे खिसे चाचपले. मी चाचपतोच. कागदपत्रं, पोटाचं औषध, आणि ती पितळी नळी — बॅटरीवर वाफ ओढायची. सिगारेट सोडायला म्हणून ही आणली. एक भूत उतरवलं, दुसरं चढवलं. माझी बायको नाजिहा म्हणते, निदान पडद्यांना वास तरी येत नाही.

मला नळीची भीती नाही, तिच्या पोटातल्या सेलची आहे. परवा त्याने खिशातून दोन्ही सेल काढून समोर ठेवले — किल्ल्या आणि चिल्लर यांच्यासकट! वरची सालटं फाटलेली, आतलं लोखंड उघडं, त्यावर किल्लीचे ओरखडे. मी ओरडलो. दोन्ही टोकांना किल्ली टेकली की मांडीवरच पेटेल! तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला पेल्यातल्या पाण्यातसुद्धा जहाज बुडताना दिसतं."

दिसतं. काय करू?

म्हणून काल मी ते काम केलं. सामान घरात होतंच. इथे मिना बंदरात कुणाच्या घरात नाही? सरकारची वीज ईदच्या पाहुण्यासारखी, आली काय नि गेली काय. जनरेटरवाल्याचा तोरा त्याहून मोठा. त्यामुळे जो तो मोडक्या लॅपटॉपमधले सेल काढतो, त्यांना नवं सालटं चढवतो आणि दिवा करतो. माझ्याकडेही दिव्यासाठी दोन जुने सेल काढून ठेवलेले होते. म्हटलं, एकदम चारही उरकू. दुकानात सालटाची प्लास्टिक नळी एकाच रंगाची होती, हिरवी. गरम हवा दिली, छान आवळली. टोकाला कागदाची चकतीही बसवली. ताटात मांडले — वाज्दीचे दोन माझ्या बाजूला, दिव्याचे दोन पलीकडे. मिठाईची बशीही माझ्याच बाजूला होती, तिला हात लावला नाही.

तेवढ्यात शेजारचा अबू फव्वाज न्हावी आला. कॉफी प्यायला, मिठाई संपवली, जगाची हजामत केली आणि गेला. मग मी सेल उचलले, वाज्दीला प्लास्टिकच्या डबीत घालून दिले. म्हटलं, "खिशात सुटे टाकणार नाहीस, शपथ घे." त्याने माझ्या डोक्याचा मुका घेतला. म्हणाला, "तुमच्यासारखा बाप आमच्या आचाऱ्याला हवा होता. अबू दीब, अरवाद बेटावरचा. तीन पाकिटं ओढतो आणि सूपमध्ये खोकतो."

एक काम तरी नीट झालं.

५ ऑक्टोबर

फोन बंद. असणारच. तरी लावला.

७ ऑक्टोबर

नवा दिवा गॅलरीत टांगला. काय उजेड! जेवण झालं, भांडी झाली, नाजिहाने मसूरही निवडले, तरी मंद व्हायचं नाव नाही. मागचा दिवा भाकरी संपेपर्यंत पिवळा पडायचा.

अबू फव्वाज खालून ओरडला, "अबू वाज्दी, चंद्र कुठून चोरलास?"

मी म्हटलं, "हाताला गुण असतो, न्हाव्या!"

नाजिहाही खूश. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुमचा उपयोग झाला," म्हणाली.

मी फुशारलो. पण आता लिहिताना वाटतं, ते सेल जुने होते. फार जुने. एवढा दम त्यांच्यात आला कुठून?

८ ऑक्टोबर

या अल्ला! या अल्ला!

सकाळी अबू फव्वाजची बायको आली. नाजिहाने कॉफीचं ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. आणि मी पाहिलं — माझ्या हाताने ते फिरवलं. मिठाईची बाजू पाहुणीकडे. मी फिरवलं नाही, हाताने फिरवलं! बापाने कानफटात मारून शिकवलेलं — पाहुणा बसला की ताटाची चांगली बाजू त्याच्याकडे. सत्तरी आली, हात विसरला नाही.

त्या दिवशीही न्हावी बसला होता. त्या दिवशीही हेच ताट होतं, मिठाई होती. फिरवलं असणारच. पलीकडचे सेल माझ्या बाजूला आले. तो गेल्यावर माझ्या बाजूचे उचलून मी वाज्दीला दिले!

पाहुणीला तसंच सोडून गॅलरीत गेलो. दिवा खाली काढला, सालटं चाकूने चिरलं. आत किल्लीचे ओरखडे. वाज्दीच्या किल्लीचे. दुसऱ्यावरही.

त्याचे चांगले सेल माझ्या दिव्यात. माझे मेलेले सेल त्याच्या तोंडापुढे.

९ ऑक्टोबर

वाफेच्या नळ्यांचं दुकान आहे कोपऱ्यावर, हैसमचं. पोरगाच तो, गळ्यात साखळी. मला पाहून म्हणाला, "हाजी, कुठली चव देऊ? टरबूज की पुदिना?"

मी विचारलं, लॅपटॉपचा जुना सेल पितळी नळीत घातला तर?

त्याचं हसू गेलं. "कुणी घातला?"

"असंच विचारतो."

"असंच कुणी विचारत नाही, हाजी." मग म्हणाला, "दिवा सेलला हळूहळू चालवतो. ही नळी पळवते. मोठ्या यंत्रात आत अक्कल बसवलेली असते, सेल तापला की ते बंद पडतं. ह्या पितळेत अक्कल नाही. बटण दाबलं की असेल नसेल ते ओढते. तुम्हाला किल्ल्यावर पळत चढायला लावलं तर?"

मी म्हटलं, "पण मीटरवर चारही सारखेच भरलेले दिसले होते रे!"

"बसलेला म्हातारा आणि बसलेला पैलवान सारखेच दिसतात."

"फुटतो?"

"आधी तापतो. कळलं आणि फेकला, तर वाचला."

"आणि तोंडाशी असताना?"

त्याने काचेवर फडका मारायला घेतला.

मग मी चांगले सेल मागितले. त्याने दोन तऱ्हेचे माझ्या तळहातावर ठेवले. एक हलका, वर भलामोठा आकडा छापलेला. दुसरा जड, आकडा लहान. "मोठा आकडा म्हणजे मोठी थाप. खरा सेल कमी बोलतो. सालटं कंपनीचं हवं, घरचं नाही. ज्या दुकानदाराला उद्या शिव्या घालता येतील त्याच्याकडूनच घ्यावा. आणि कोचला, चिरला की सरळ टाकायचा, दुरुस्त करत बसायचं नाही."

जड दोन घेतले. डबीत ठेवले. डबी खिशात. कुणासाठी घेतले? तो तर पाण्यावर आहे!

१० ऑक्टोबर

जहाजाच्या एजंटाच्या कचेरीत गेलो. कारकुनाने ऐकून घेतलं, मग आतल्या माणसाला हाक मारली — "इकडे ये, ऐक, हाजींच्या मुलाची सिगारेट बिघडलीय!" दोघे हसले.

म्हटलं, "कप्तानाला कळवा, बाबांनो. एकच वाक्य. ती नळी ओढू नको, सेल पाण्यात टाक."

"कप्तानाचा फोन वादळासाठी असतो, काका. तुमच्या पोराच्या वाफेसाठी नाही."

"ही आग आहे! जहाजावर आग! लाकूड वाहणारं जहाज!"

तेव्हा हसणं थांबलं. म्हणाले, कळवतो. पण मी दारात पोहोचलो तोच मागून पुन्हा हसण्याचा आवाज. कळवलं नसेल. कळवलं असेल का? परत जाऊन विचारायला हवं होतं. गेलो नाही.

११ ऑक्टोबर

फोन बंद. फोन बंद. फोन बंद.

१३ ऑक्टोबर

नाजिहाला सांगितलं. सांगायचं नव्हतं. पण मी दिवा लावू देईना. ती म्हणाली, "चांगला दिवा असून आंधळ्यासारखं जेवायचं का? काय झालंय तुम्हाला? चार दिवस घास उतरत नाही घशाखाली." आणि स्वतःच लावायला उठली. मी तिचा हात धरला आणि तोंडातून सगळं बाहेर पडलं.

वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. ताट भिंतीला टेकवलेलं होतं, त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी फिरवलं असतं तर गल्लीभर सांगत फिरला असतात."

खरं आहे. फिरलो असतो.

मग नमाजाची चटई घेऊन आतल्या खोलीत गेली. जाताना म्हणाली, "न्हाव्याला बोलू नका. जन्मभर त्याला वाटत राहील, आपण मिठाई खाल्ली म्हणून झालं."

१४ ऑक्टोबर

खाटकाच्या दुकानात दोघे बोलत होते — बैरूतकडे कुणा पोराच्या खिशात सेल पेटला, मांडी गेली. मी मांस न घेताच आलो. मांडी गेली तर चालेल. मांडी घे, देवा. तोंड नको. डोळे नको. आईवर गेलेत त्याचे डोळे.

मी कधी एवढं मागितलं नव्हतं. आधी जहाज बुडू नये म्हणायचो. आता बुडालं तरी पोहता येतं असं वाटतं! बघ, माझी अक्कल कुठे पोहोचली.

जुन्या सेलचं आठवत बसलो. कुठून आणले होते? जळलेल्या शाळेतल्या मोडक्या लॅपटॉपमधून. एकाच्या टोकाला गंज होता. मी घासून काढला. घासून! चकचकीत करून दिला स्वतःच्या मुलाला.

१६ ऑक्टोबर

काही नाही. एजंटाची कचेरी बंद होती. की मला बघून बंद केली?

१७ ऑक्टोबर

अबू फव्वाज दाढी करायला घरी आला. मी दुकानात जाणं सोडलंय. गालावर वस्तरा फिरवताना म्हणाला, "चंद्र का विझवलास रे? गल्ली अंधारली."

"तेल संपलं चंद्राचं."

"वाज्दीची आठवण येते, असं सरळ सांग ना गाढवा." आणि टॉवेलने माझे डोळे पुसले, जणू साबण गेला होता.

नाजिहाने त्याला कॉफी दिली. ताट मी फिरवलं नाही. हात मांडीखाली दाबून बसलो. मिठाई माझ्या बाजूलाच राहिली. तो ओशाळला. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं का.

१९ ऑक्टोबर

वाज्दी जिवंत आहे! धडधाकट आहे!

दुसऱ्या जहाजावरचा आपल्या मिनाचा खलाशी, खुद्र, आज दुपारी उतरला आणि पिशवी खांद्यावर तशीच घेऊन आमच्या दारात आला. रुमानियाच्या धक्क्यावर त्यांची गाठ पडली होती. वाज्दीचा फोन पहिल्याच आठवड्यात पाण्यात पडला. नंबर कुणाला पाठ असतो आता? म्हणून तोंडी निरोप. सुखरूप आहे. पोट ठीक आहे. नाजिहा रडली, हसली, खुद्रचे दोन्ही हात धरून नाचली. शेवटची मिठाई काढून शेजारी वाटायला पळाली.

मी खुद्रला विचारलं, "नळी? ती पितळी नळी?"

"हां, तोच तर निरोप! आईला सांग म्हणाला, वाफही सोडली. नळी तुम्ही दिलेल्या डबीसकट त्यांच्या आचाऱ्याला देऊन टाकली. हाजी, त्या माणसाने सिगारेटला हात लावला नाही तेव्हापासून! मी निघालो तेव्हा शिडीवर बसून इंजिनासारखा धूर सोडत होता. तुमच्या हातांना दुवा देतो म्हणे रोज."

"आणि जहाज?"

"दुसऱ्याच दिवशी सुटणार होतं. कुठे ते माहीत नाही."

२० ऑक्टोबर

मला अबू वाज्दी म्हणतात, म्हणजे वाज्दीचा बाप. त्या आचाऱ्याला अबू दीब म्हणतात. म्हणजे अरवादला कुठेतरी एक दीब आहे, आणि त्यालाही बापाचा फोन लागत नसेल.

एजंटाच्या दारात सकाळपासून बसलोय, इथेच लिहितोय. जड सेलची डबी खिशात आहे. वाज्दी, जिथे असशील तिथून कळव. लवकर कळव, बाळा. आधी त्याचं कळव, मग तुझं.