खडूचा गोल

अहो,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले आणि मी एक ओळ लिहिली नाही. तुमच्याशी बोलायला मला कागद कधी लागला? पण आज जे सांगायचंय ते तोंडाने बोलवत नाही. परवा सिन्नरचे बाळूदादा आले होते, तुम्ही बनवलेली शेवटची सायकल परत घेऊन.

आठवतात ना? निवृत्त पोस्टमन, सव्वासहा फूट उंच. बाजारातली कुठलीच सायकल त्यांना बसेना, गुडघे हँडलला लागायचे. माप घ्यायला तुम्ही स्टुलावर चढलात आणि मी हसले म्हणून केवढे रागावलात! रंग त्यांनी टपालपेटीचा लाल सांगितला होता.

आपली रीत तुम्हीच घातलेली. नळ्या कापून, सांध्यांना पितळेची झाळ देऊन, कानस मारून झाली की तुम्ही फ्रेम माझ्या बाजूच्या हुकाला अडकवायचात. मी प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवायचे. झाळीत टाचणीएवढं छिद्र दिसलं तरी तिथे खडूने गोल काढायचा. "डोळे आहेत की भिंग?" असं पुटपुटत तुम्ही पुन्हा गॅस पेटवायचात. मी "घेतली" म्हटल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही. एकवीस वर्षांत ही रीत एकदाही मोडली नव्हती.

मग त्या दिवशी मी का मोडली?

तुमचा हात थरथरायला लागला होता. ज्योतीसमोर उभं राहू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. ऐकलंत? कधी कुणाचं ऐकलंत! नऊ दिवस लागले त्या फ्रेमला. ती हुकाला अडकवून तुम्ही स्टुलावर टेकलात, धाप लागली होती. सीटखालच्या सांध्याला छिद्र होतं. मला दिसलं. खडू हातात होता. मी तो पदराआड घट्ट धरला आणि म्हणाले, "घेतली."

"नीट बघितलंस ना?" आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही असं विचारलंत.

"बघितलं." मग त्या छिद्रात मीच रंगाऱ्याची लांबी भरली, घासली, वर लाल रंग दिला. किती देखणी दिसत होती हो!

त्याच सांध्याला चीर गेली. मोहदरी घाट उतरताना करकर ऐकू आली म्हणून बाळूदादा थांबले आणि टेम्पोत घालून सायकल आपल्याकडे आणली. "पडलो नाय मी, वैनी. दादांचा हात थरथरत व्हता, त्याला कोन काय करनार? जाऊ द्या." तुमच्या हातावर ठपका येत होता आणि मी गप्प बसले!

चहा झाला, त्यांनी चपला घातल्या, तेव्हा कुठे मला वाचा फुटली. "बाळूदादा, हात त्यांचा थरथरला, पण तपासणारी मी होते. मला दिसलं होतं."

ते दारातच वळून उभे राहिले. मग म्हणाले, "कधीमधी मागं नात बसती, वैनी." एवढंच बोलून निघाले.

मालेगावहून सलीमभाईंना बोलावलं. तुम्ही दोघं एकाच उस्तादाकडे शिकलेले, त्यांच्याशिवाय मी कुणाला हात लावू देणार होते? त्यांनी रंग जाळून सांधा नव्याने झाळला, फ्रेम हुकाला अडकवली. मी बोट फिरवलं. खालच्या अंगाला बारीकसा खळगा लागला. मी गोल काढला.

"भाभी, इतना तो चलता है!" चिडलेच ते. तरी पुन्हा ज्योत पेटवली. काम झाल्यावर हात पुसत म्हणाले, "वो भी ऐसेच चिढता था. पर बोलता था, बायको देखती है, इसलिए मुझे नींद आती है."

तेव्हा रडले मी, चार महिन्यांत पहिल्यांदा. तुम्हाला ते छिद्र माहीत होतं ना? म्हणूनच विचारलंत ना? मी गोल काढावा आणि तुम्ही पुन्हा उठावं, एवढंच हवं होतं तुम्हाला. मी मात्र तुमची कीव केली. सगळे तुम्हाला आजारी समजत होते. निदान मी तरी कारागीर समजायला हवं होतं. चुकले हो मी.

वर्कशॉप बंद करणार नाही. सलीमभाई आठवड्यातून दोन दिवस यायला तयार आहेत. आणि समोर कितीही जवळचं माणूस असो, खडू पुन्हा पदराआड जाणार नाही, हा शब्द देते.

आज सकाळी त्या सांध्यावरून तीनदा बोट फिरवलं. मग तुमच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "घेतली."

आता लाल रंगाचा डबा उघडते.

तुमचीच,
सुमन