पंख्याचा आवाज

९ नोव्हेंबर, रविवार

हुपरी. आक्काच्या कामाच्या टेबलावर छोटा कॉम्प्युटर-बोर्ड लावला. वर कॅमेरा, समोर जुना टीव्ही. चांदीच्या पैंजणाचा जोड कॅमेऱ्याखाली ठेवला की टीव्हीवर डावा-उजवा शेजारी शेजारी, हातभर मोठे. खाली दोन्हींच्या घुंगरांची संख्या. प्रोग्राम माझा. दिवाळीची सगळी सुट्टी त्यात गेली.

ऑपरेशननंतरही आक्काचा उजवा डोळा धूसरच. जोड लावणं, डावा-उजवा जुळवणं, हे लग्नापासून तिचं काम. चुकीच्या जोडांमुळे दोन पार्सलं परत आली आहेत. दाजी म्हणाले, अजून एक आलं की काम सुनेकडं. आक्का तिथंच बसली होती. मान वर केली नाही.

चित्र उशिरा उमटतं. आक्का म्हणाली, "माझा हात फुडं आणि चित्र मागनं. आवतान दिल्याबिगार यीना झालंय."

पत्त्यांच्या कॅटाएवढा बोर्ड. त्यानं तरी किती पळायचं?

११ नोव्हेंबर

कॉलेज सुटल्यावर पेठ वडगावला रियाजच्या दुकानात. शाळेपासूनचा मित्र. ऑफिसांनी काढून टाकलेले पीसी आणतो, पुसतो, विकतो. कसलीही वस्तू आली की आधी खोक्यावरची चिठ्ठी वाचतो. कुठून निघाली, कधी पोचली. मग वस्तू.

"मास्तर, तुझ्या बोर्डाच्या पैशात मी अख्खा पीसी देतो. तुझ्या बोर्डाला अडाप्टर येगळा, कार्ड येगळं, डबी येगळी. म्हंजे चप्पल हितं घ्यायचं आणि पट्टं दुसऱ्या दुकानात."

मी म्हणालो, वीज खात नाही. आवाज नाही. जागा लागत नाही.

"आक्काला जागा पायजे का चित्र पायजे?"

वेगाचं त्याचं म्हणणं बरोबर आहे. तसं त्याला म्हटलं नाही. चहा न घेता निघालो.

१६ नोव्हेंबर, रविवार

बोर्ड गेला. माझ्या घरी बोर्ड उघडेच पडलेले असतात, म्हणून तिथंही उघडाच ठेवला होता. चांदीच्या तारेचा तांदळाएवढा तुकडा उडून पिनांवर पडला. जळका वास. संपलं.

दाजी : "खोकं, पावती कुठाय? बदलून दे म्हणावं."

दोन्ही टाकून दिलं होतं. दाजी हसले. आक्का त्यांना म्हणाली, "राहू द्या. त्यानं हौसंनं केलतं."

हसणं चाललं असतं.

२० नोव्हेंबर

आक्कानं रि.ला परस्पर फोन केला. नंबर मीच दिला होता, टीव्ही बिघडला तेव्हा. काल त्यानं पीसी बसवला. संध्याकाळी मला फोन करून प्रोग्राम मागितला. पाठवला. दहा मिनिटांत त्याचा निरोप : पळतंय.

आक्काचा फोन : "बाळू, आता हात आणि चित्र संगंच. रियाज म्हणाला, प्रोग्राम बाळूचाच हाय."

त्यानं हे सांगायची गरज नव्हती. सांगितलं नसतं तर त्याच्यावर चिडता आलं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

हुपरी. पीसी टेबलाखाली, आडवा. धान्याच्या डब्याएवढा. आक्का त्याला डबडं म्हणते, पण प्रेमानं. जोडामागून जोड लावत होती. अठरा-अठरा. अठरा-सतरा, बाजूला. चष्मा कपाळावर. एवढी सरळ बसलेली तिला बऱ्याच दिवसांनी पाहिली.

आनंद व्हायला हवा होता.

टेबलाच्या वर भिंतीवर खडूनं रि.चा नंबर लिहिला आहे. आक्काच्या अक्षरात, मोठे आकडे. माझा नाही. दारातली खुर्ची मी ओढली तर सून म्हणाली, "ती रियाजभाऊंची, पाय मोडकाय, त्येनाच जमती." सगळे हसले.

तो आठवड्यात दोनदा आला होता. मी रविवारचा.

२८ नोव्हेंबर

नवा बोर्ड मागवला. वरच्या दर्जाचा. सोबत सगळीकडून बंद धातूची डबी. डबीच गरम होऊन उष्णता बाहेर टाकते. पंखा नाही. कोणाला बोललो नाही.

३ डिसेंबर

बोर्ड आला. कळंब्यातल्या घरी टेबलावर प्रोग्राम चढवून पाहिला. नाणी ठेवून हलवली. चित्र हातासोबत येतं. रि.च्या पीसीइतकंच. तीन वेळा पाहिलं.

पण पीसी चांगला चालतो आहे. हा न्यायचा कोणत्या तोंडानं?

७ डिसेंबर, रविवार

हुपरी. आक्काशेजारी बसलो होतो. पीसीचा पंखा वेगळा वाजतो आहे. बारीक, ताणलेला. पलीकडे पॉलिशची मोटर चालू असते, त्यात कुणाला कळणार नाही. मला कळलं. पाय लांब करून मागची बाजू चाचपली. चटका. जाळीवर करड्या धुळीचा लोकरीसारखा थर. पॉलिशची धूळ पंखा ओढून घेतोय, महिनाभरही टिकायचा नाही.

ब्रशनं पाच मिनिटांचं काम.

आक्का म्हणाली, "काय शोधालाईस?"

"काही नाही. चप्पल."

चहा घेतला. सव्वापाचची बस.

९ डिसेंबर

दोन तास रिकामे होते. फोन हातात घेतला. रि.ला एवढंच सांगायचं, पंखा बघ. मग त्यानं जाऊन साफ केला असता. आक्कानं त्याला जेवायला बसवलं असतं.

ठेवला.

१२ डिसेंबर

दाजींचा फोन. काल दुपारी पीसी बंद पडला. मोठी ऑर्डर होती, थांबता येईना. रि. लग्नासाठी सांगलीला. उरलेले जोड आक्कानं नुसत्या डोळ्यानं लावले. पार्सल गेलं.

मला काल फोन का नाही केला, विचारलं. दाजी म्हणाले, "तुम्ही शिकवत असता की."

१३ डिसेंबर, शनिवार

रजा टाकून गेलो. बोर्ड पिशवीत. सगळ्या वाटेवर पिशवी मांडीवर.

रि. आधीच पोचला होता. पीसी उघडा, खाली वर्तमानपत्र. ब्रशनं धूळ काढत होता, आणि आक्का ती कागदावर जपून गोळा करत होती. या घरात झाडलेली धूळही डब्यात साठवतात, गाळायला देतात. चांदी असते त्यात.

"आक्का, माझा पंखा महिनाभर राबलाय. चांदी गोळा केली. त्येचा पगार काढा."

"काढतो की," आक्का म्हणाली. "तुला एक घुंगरू करून देतो, नाकात घाल."

त्याचं यंत्र बंद पडलं तरी घराला काहीतरी देऊन गेलं. माझ्या बोर्डानं नुसता वास दिला होता.

पीसी सुरू झाला. मग रि. माझ्याकडे वळला. "मास्तर, तुझंच खरं. हितं पंख्याचं काम न्हाय. हे महिन्याभरानं परत बसणार. बोर्डच पायजे, पण बंद डबीतलं. मागीव की एक. मीच बसवून देतो तुझ्यासंगं."

पिशवी खुर्चीखाली होती. काढली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, कधी आणलंस, का आणलंस.

"मागवतो," म्हणालो.

आक्का डब्याचं झाकण लावत होती. "बाळू, गेल्या रविवारी तू हितंच बसलतास. आवाज न्हाई व्हय आला?"

"मोटर चालू होती."

"व्हय. मोटर हुती."

निघताना भिंतीकडे पाहिलं असणार मी. आक्का म्हणाली, "त्येचा नंबर लिवून ठेवाय लागतो. तुझा पाठ हाय." आणि म्हणून दाखवला. एकही आकडा चुकला नाही.

बसमध्ये उभा राहिलो. जागा होती.

१८ डिसेंबर

पार्सल परत आलं. सहा जोड चुकीचे. सगळे अकरा तारखेच्या दुपारचे.

दाजींनी सोमवारपासून सुनेला बसायला सांगितलंय. दाजी वाईट नाहीत. व्यापारी तिसऱ्यांदा ऐकून घेत नाही.

आक्का फोनवर म्हणाली, "बोर्ड बसलं की ह्यास्नी दाखवतो मी. बंद पडत न्हाई म्हणून दाखवतो. मग बघू कोण उठीवतंय मला. आलं का रं?"

"येईल दोन दिवसांत."

"खोक्यासकट आण. हे म्हणत्यात, खोकं आणि पावती आता हितंच ठिवायची. आणि रविवारी ये, रियाजपण येणाराय."

२० डिसेंबर, शनिवार

खोकं टेबलावर. चिठ्ठीवर माझं नाव, पत्ता, पोचल्याची तारीख. ३ डिसेंबर.

पाणी लावून सोलायला घेतली. नाव निघालं. पत्ता निघाला. तारखेपाशी कागद फाटला आणि तेवढाच तुकडा खोक्याला राहिला. नखानं खरवडला, तर खोक्याचा रंग निघायला लागला. आकडे तसेच.

पावतीवरही तारीख आहे. ती हरवली म्हणता येईल.

खोकं रि.च्या हातात आधी जाणार.

पावती खोक्यात ठेवली. खोकं पिशवीत. उद्या साडेआठची बस.